रेनकोटला एक खुंटी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र वाचनात आले. कामानिमित्त त्यांना रत्नागिरीतल्या दोन-तीन कचेऱ्यांत जावे लागले आणि तिथे चुरगळलेला शर्ट, पोटरीपर्यंत चिखल उडालेली पँट आणि पायांत रबरी चपला अशा अवतारात बसलेले कर्मचारी पाहून त्यांना खेद वाटला. पूर्वीचे कारकून परीटघडीच्या कपड्यांत येत, आताच्यांना आळस भरला आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्यांनी जे पाहिले ते खरे आहे, कारण जून ते सप्टेंबर तोच अवतार माझाही असतो. निष्कर्षाविषयी मात्र चार शब्द लिहिणे आवश्यक वाटले.

मी पावसहून रत्नागिरीला मोटारसायकलने जाऊ लागलो त्याला आता बावीस वर्षे होतील. नोकरी एका पतसंस्थेत, काम हिशेबाचे. घरून निघालो की गोळपचा सडा, म्हणजे जांभ्याचे उघडे माळरान, मग फणसोप, भाट्ये आणि पूल ओलांडला की शहर. पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो, त्यामुळे सकाळी जाताना माझी डावी बाजू भिजते आणि संध्याकाळी परतताना उजवी. सड्यावर आडोसा असा कसलाच नाही आणि भाट्याच्या पुलावर तर पाऊस वरून पडतच नाही, खाडीच्या मुखाकडून आडवा येतो. ज्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत कोसळतो, तिथे दुचाकीवरून येणाऱ्या माणसाची इस्त्री दारापर्यंत टिकावी ही अपेक्षाच मुळात कुणी चारचाकीतून उतरणाऱ्याने केलेली असावी.

रेनकोट असतो ना, असे यावर विचारले जाते. असतो. पण दुचाकीवर बसलेल्या माणसाच्या मांडीवर पाण्याचे तळे साचते आणि पँटची मधली शिवण नेमकी त्या तळ्याच्या तळाशी असते. शिवणीला आतून पट्टी चिकटवलेली नसेल, किंवा दोन पावसाळ्यांनंतर ती सुटलेली असेल, तर फणसोप येईपर्यंत पाणी आत पोचलेले असते. दुसरी वाट गळ्यापाशी, हेल्मेटवरून ओघळणारे पाणी कॉलरमध्ये शिरते तिथे. तिसरी मनगटापाशी, कारण हँडल धरताना हात पुढे ताणले जातात आणि बाही मागे सरकते. या तिन्ही वाटा बुजवणारा भारी रेनसूट घेतला तरी आतला घाम बाहेर जात नाही, आणि आपल्याकडच्या दमट हवेत वीस मिनिटांत बनियन पिळून काढावे अशी अवस्था होते. डोक्यावरून घालायचा घोळदार रेनकोट त्यातल्या त्यात हवेशीर खरा, पण वाऱ्यात तो शिडासारखा फुगतो आणि गाडी बाजूला ओढतो, म्हणून मोटारसायकलवर तो मी कधीच वापरत नाही. मागच्या माणसाने छत्री उघडून धरायची, ही आपल्याकडे सर्रास दिसणारी पद्धत त्याहून घातक आहे. एक झोत आला की छत्री उलटी होते आणि चालवणाऱ्याला समोरचे काही दिसत नाही.

शिवाय चिखल. आपली माती जांभ्याची, म्हणजे तिचा लाल रंग लोहाचा. पुढच्या गाडीच्या चाकाने उडवलेला शिंतोडा पांढऱ्या शर्टावर वाळला की तो साबणाला दाद देत नाही आणि ब्लीच वापरले तर अधिकच पक्का बसतो. लोहाच्या डागाला आंबट लागते. लिंबू आणि मीठ चोळून तास-दोन तास ठेवायचे आणि मग धुवायचे, हे आमच्या घरचे जुने औषध. शर्ट यातून वाचतो, पण वलणीवर तो वाळायला तीन दिवस लागतात आणि तोवर दुसरे दोन शर्ट त्याच रांगेत येऊन उभे राहतात. आषाढात आमच्या पडवीत माझेच कपडे इतके लोंबत असतात की येणाऱ्याला वाकून आत यावे लागते.

इथवर प्रश्न दिसण्याचा झाला. मला खरी काळजी दुसरीच आहे. कचेरीत नीटनेटके दिसावे म्हणून आपण रस्त्यावर चुकीचे कपडे घालतो. पातळ टेरिकॉटची पँट, चामडी तळव्याचे गुळगुळीत बूट, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि केस विस्कटतात म्हणून हेल्मेट टाकीवर ठेवलेले, असा तरुण मला रोज भेटतो. सात-आठ वर्षांपूर्वी मीही यातला बराचसा होतो. पहिल्या पावसाने रस्त्यावरचे तेल आणि धूळ वर आणली होती. सड्यावरच्या एका वळणावर बांधकामाच्या डंपरने सांडलेल्या मातीचा लाल राड झाला होता, त्यावर पुढचे चाक घसरले. वेग पस्तीसच्या वर नसेल. उठून पाहिले तर उजव्या गुडघ्यावरचे कापड नाहीसे झाले होते आणि त्याच्या कडा फाटलेल्या नसून वितळून कडक झालेल्या होत्या. टेरिकॉटमध्ये पॉलिएस्टर असते, घर्षणाच्या उष्णतेने ते वितळते आणि कातडीला चिकटते. डॉक्टरांनी चिमट्याने ते धागे एकेक करून काढले, तेव्हा मला पोशाख या शब्दाचा अर्थ नव्याने कळला. हेल्मेटवर उजव्या कानाच्या जागी चार बोटे लांबीचा ओरखडा आहे. ते हेल्मेट आता वापरायचे नाही हे ठाऊक असूनही मी ते टाकलेले नाही.

तेव्हापासून मी कपडे रस्त्याचे घालतो आणि कचेरीचे पिशवीत नेतो. अंगात जाड जीन्स, घोट्याच्या वर येणारे रबरी तळव्याचे बूट, हातमोजे आणि कोपर-खांद्याला गाद्या असलेले जाळीचे जॅकेट. हे जॅकेट चार-पाच हजारांच्या पुढे मिळते, सगळ्यांना परवडेलच असे नाही. पण जीन्स आणि पायभर बूट यांना वेगळा खर्च नसतो. मे महिन्यात या जॅकेटात घाम फुटतो हे मान्य आहे, परंतु गाडी चालू असताना जाळीतून वारा लागतो, सिग्नलला थांबलो की मात्र जीव नको होतो. रेनकोट घेताना काळा किंवा गडद निळा घेऊ नये, एवढे एक आवर्जून सांगतो. काळ्या रस्त्यावर, काळ्या ढगाखाली, काळ्या रेनकोटातला माणूस समोरच्या ट्रकवाल्याला दिसत नाही. दुकानांत मात्र तेच रंग जास्त, कारण त्यांवर मळ दिसत नाही, हे दुकानदाराचे उत्तर असते.

कायद्याने डोक्यापुरते बंधन घातले आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ प्रमाणे चालवणारा आणि मागे बसणारा अशा दोघांनाही हेल्मेट सक्तीचे आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते न घातल्यास १००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबन होऊ शकते. हेल्मेट आयएस ४१५१ मानकाचे हवे. कपड्यांचा विचारही नियमांत एका ठिकाणी आहे, तो फारसा कुणाला माहीत नसतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ सांगतो की मागे बसणाऱ्या व्यक्तीचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारे संरक्षण असले पाहिजे. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते हेच. नवी गाडी घरी आली की बेढब दिसते म्हणून पहिल्याच आठवड्यात ते काढून माळ्यावर टाकणारी मुले माझ्या नात्यातही आहेत, आणि त्यांच्याच मागे त्यांची आई पदर सावरत बसते.

स्त्रियांची अडचण याहून मोठी आहे आणि ज्येष्ठ वाचकांच्या पत्रात तिचा उल्लेखही नाही. आमच्या कचेरीत एक भगिनी स्कूटरने येतात. साडीवर रेनकोटची पँट चढत नाही, म्हणून त्या सलवार-कुडत्यावर येतात, ओढणी पिशवीत ठेवतात आणि आल्यावर साडी नेसतात. नेसायची कुठे, तर स्वच्छतागृहात, जिथली फरशी सदैव ओली असते आणि खुंटी एकच. सहा वारी वस्त्र ओल्या फरशीला न लागू देता उभ्याने नेसणे ही कसरत ज्यांना सोपी वाटत असेल त्यांनी ती एकदा करून पाहावी. एवढे करून त्या दहा वाजून बारा मिनिटांनी टेबलाशी बसतात आणि हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे लाल खूण होते.

राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांच्या पोशाखाविषयी परिपत्रक काढले होते. त्यात जीन्स आणि टी-शर्ट यांना मनाई होती, पुढे २०२१ मध्ये जीन्सपुरती ती सैल झाली. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठीही पोशाखाच्या सूचना आल्या. शासनाचे अनुकरण खासगी संस्थाही करतात, आमच्या संस्थेतही तसाच एक कागद फलकावर लागला. पोशाख नीटनेटका असावा याला माझा विरोध नाही. पैसे ठेवायला आलेल्या माणसाला समोर चिखलाने माखलेला हिशेबनीस दिसू नये, हे मलाही पटते. पण शर्टाचा रंग ठरवणाऱ्या आमच्या कागदात भिजून आलेल्या माणसाने तो बदलायचा कुठे आणि किती वेळात, याची एक ओळ नाही. ऋतुमानाप्रमाणे नियम वाकवता येतो, हे वकिलांच्या बाबतीत आपण मान्य केलेच आहे. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय सोडून इतरत्र उन्हाळ्यात काळा कोट बंधनकारक नाही.

पुण्यातला माझा भाचा म्हणतो, "मामा, चार शर्ट आणि बुटांचा जोड कचेरीतच ठेवून द्या." त्याच्याकडे हे जमत असेल. आमच्याकडे लोखंडी कपाटात ठेवलेल्या चामडी बुटांवर आठ दिवसांत हिरवट बुरा चढतो आणि कडक इस्त्रीच्या शर्टाला कुबट वास येऊ लागतो. म्हणून कपडे रोजच न्यावे लागतात. शर्ट घडी न घालता गुंडाळायचा, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधायचा आणि जेवणाच्या डब्यापासून लांब ठेवायचा. हा शेवटचा धडा मी बांगड्याच्या तिखल्याकडून शिकलो.

आता मागणी. कोकणातल्या जुन्या घराला पडवी असायची. शेतातून आलेला माणूस डोक्यावरून पाठीवर घ्यायचे इरले तिथल्या खुंटीला अडकवी, दारातल्या डोणीतले पाणी पायांवर घेई आणि मगच माजघरात जाई. इरल्याची गंमत अशी की ते पाठ कोरडी ठेवते आणि दोन्ही हात लावणीला मोकळे ठेवते. कामाला आणि हवेला साजेसा पोशाख काय असतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको होते. आम्ही कचेऱ्या बांधल्या त्या मात्र काचेच्या दाराच्या, पायरी चढले की थेट चकचकीत फरशी. पडवी गेली आणि तिच्यासोबत खुंटीही गेली. ओला रेनकोट घेऊन माणूस त्या फरशीवर उभा राहतो आणि शिपाई त्याच्याकडे व त्याच्या पायांखालच्या पाण्याकडे आळीपाळीने पाहतो.

आमच्या फलकावरचा सर्वांत नवा कागद सांगतो की ओले रेनकोट व हेल्मेट व्हरांड्यात टांगू नयेत, संस्थेची शोभा जाते. मग ते गाडीवर ठेवायचे. गाडीवर ठेवलेले हेल्मेट आतून भिजते, संध्याकाळी ते डोक्यावर घालवत नाही, आणि हेल्मेटविना घरी जाणारे बरेचजण तसे का जातात याचे एक कारण हेही आहे. व्यवस्थापनाकडे मी लेखी अर्ज दिला आहे. मागच्या भिंतीला, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा बाजूला, पत्र्याच्या पागोळीखाली खुंट्यांची एक रांग, स्त्रियांसाठी कडी लागणारी एक कोरडी खोली, बूट बदलायला एक बाक, आणि जून ते सप्टेंबर हजेरीत दहा मिनिटांची सूट. खोलीसाठी जुन्या वह्यांचे कोठार सुचवले आहे, तिथे आज फुटक्या खुर्च्या आहेत. अर्जाला दोन महिने झाले, उत्तर आलेले नाही.

ज्येष्ठ वाचकांना विनंती की पुढच्या वेळी ते आमच्याकडे आले तर त्यांनी व्यवस्थापकांच्या कानावर हे घालावे, ठेवीदाराचा शब्द आमच्या अर्जापेक्षा लवकर पोचतो. खर्चाची अडचण असेल तर आम्ही सातजण दुचाकीने येणारे आहोत, सात खुंट्या मी घरून आणीन आणि एखाद्या रविवारी स्वतः ठोकून देईन. भिंत जांभ्याची आहे, खिळा सहज जातो.

आपला विश्वासू,
एक दुचाकीस्वार वाचक
पावस, जि. रत्नागिरी