केसपेपरवर ‘घसरून पडली’ लिहिणं थांबवा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

घसरून पडणारं माणूस बहुधा तळहात टेकतं आणि त्याचं मनगट मोडतं. अंगावर येणारं दांडकं अडवायला हात आडवा धरला, की मोडतं ते करंगळीच्या बाजूचं हाड. ग्रामीण रुग्णालयात वर्षानुवर्षं ड्युटी केलेल्या सिस्टरला हा फरक लगेच कळतो. तरी केसपेपरवर लिहिलं जातं, ‘मोरीत घसरून पडली’. कारण सासू नाहीतर नवरा शेजारी उभा असतो आणि बाईच्या आधी उत्तर देतो.

हाड निदान एक्स-रेत दिसतं. पण दर पंधरवड्याला ‘डोकं दुखतं, कंबर धरते, झोप लागत नाही’ म्हणत येणारी बाई? तिला वेदनाशामक आणि बी-कॉम्प्लेक्स देऊन वाटेला लावतात. पुढे तीच फवारणीचं औषध पिऊन दाखल होते, तेव्हा सगळे हळहळतात. नवऱ्याचा मार सोसणाऱ्या बायकांमध्ये नैराश्य जवळजवळ दुप्पट आढळतं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्येच सांगितलं आहे. गरोदरपणी मार बसला तर गर्भपाताचा आणि कमी वजनाच्या बाळाचा धोका वाढतो. घरातलं पोर अंथरूण ओलं करू लागतं, शाळेत गप्प होतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) आपल्या राज्यातल्या साधारण दर चार विवाहित बायकांपैकी एकीनं नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. हे दुखणं आपल्याच खात्याचं आहे.

सगळा दोष दारूवर ढकलला जातो. दारूनं मार वाढतो, खरंच. पण प्यालेला माणूस सावकारावर हात टाकत नाही, घरी येऊन बायकोवर टाकतो. हुंडा राहिला, दुसरीही मुलगीच झाली, फोनवर कुणाशी बोलली, निमित्तं हजार. बायकोला मारलं तर चालतं, हे घरानं मान्य केलेलं असतं. आणि माहेर म्हणतं, दिल्या घरी सुखी राहा.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं रुग्णालयावर जबाबदारी टाकली आहे. २००६ च्या नियमांतला १७ वा नियम सांगतो की तक्रार नोंदवलेली नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. घटनेचा अहवाल झालेला नसेल तर रुग्णालयानंच नमुना १, म्हणजे त्या अहवालाचा ठरलेला कागद, भरून या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा, तपासणी अहवालाची प्रत बाईला मोफत द्यायची. आमच्या टेबलावर तो नमुना कधीच आला नाही.

मुंबईत महापालिकेच्या वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ संस्थेच्या साथीनं पंचवीसेक वर्षांपूर्वी ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं. तिथं रुग्णालयातच बाईला समुपदेशक भेटते, वेगळा बहाणा करून कुठं जावं लागत नाही. तालुक्याच्या बाईलाही हे हवं.

तोवर तीन गोष्टींचं परिपत्रक काढा. प्रत्येक अपघात कक्षात एक पडदा, ज्याच्या आड नातेवाइकांना न घेता बाईशी बोलता येईल. नमुना १ चे छापील कागद. आणि सिस्टर व आशाताईंना हे विचारायचं कसं, याचं प्रशिक्षण. बाई नको म्हणाली तर तिच्यावर जबरदस्ती नको, पण तिला विचारलं तरी गेलं पाहिजे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका