ह्युएच्या आजींना, वरचं पातेलं काढलंत म्हणून

ती. आजींना,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या हाती पडण्याची शक्यता नाही. तुमचं नाव मी विचारलं नाही, दुकानाच्या पाटीचा फोटो काढला नाही. देवळांचे, पुलांचे, कंदिलांचे चारशे फोटो मोबाईलमध्ये आहेत, आणि जिथे माझी आई तीन दिवसांनी पोटभर जेवली त्या जागेचा एकही नाही. भूक लागली होती, दुसरं काय. तुमची नात तुम्हाला 'मे' अशी हाक मारत होती एवढं आठवतं. मला वाटलं ते नाव असेल. तर ती म्हणाली, ह्युएकडे आजीला असंच म्हणतात. म्हणून मीही आजी म्हणते.

तुम्हाला आम्ही आठवत असू. झिमझिम पाऊस होता आणि दारात एक बाई उभी होती. सहावारी साडी, वर लेकीचं जर्किन, पायात बूट, गळ्यात तुळशीची माळ, नाकाला पदर. ती माझी आई. वय अडुसष्ट, राहणार फलटणजवळ, जिथून आषाढात माउलींची पालखी जाते. माळ घालून तिला एकतीस वर्षं झाली. चातुर्मास पाळते, म्हणजे कांदा-लसूण-वांगंही बंद. दिवाळीच्या सुट्टीत मी तिला जबरदस्तीने व्हिएतनामला फिरायला आणलं होतं. "एकदा विमानात बस, मग बघ," असं चार वर्षं म्हणत होते, तेव्हा कुठे तयार झाली.

निघण्याआधी मी टूर कंपनीला तीन वेळा फोन केला होता. त्यांच्या रंगीत पत्रकावर '१०० टक्के शुद्ध शाकाहारी जेवणाची हमी' असं ठसठशीत छापलेलं होतं. दा नांगला उतरल्यावर त्या हमीचं दर्शन झालं: भात, काकडी आणि कलिंगडाच्या फोडी. ते एक वेळ चाललं असतं. दुसऱ्या दिवशी होई आनला शेवयांच्या सूपचा वाडगा समोर आला. "काकू, एकदम व्हेज, मी स्वतः सांगितलंय," असं टूर मॅनेजर म्हणाला. अर्धा वाडगा संपल्यावर आईचा चमचा तळाशी लागला आणि नखाएवढी वाळलेली कोळंबी वर आली. स्थानिक गाइड 'नो मीट, नो मीट' म्हणत हसत होता. त्याच्या हिशेबात कोळंबी मटणात मोडत नव्हती, आणि त्यात त्याचा दोषही नाही. आमचा मॅनेजर मात्र पुण्याचा होता. त्याला माळ म्हणजे काय हे सांगायची गरज नव्हती. तो म्हणाला, "एवढीशी तर आहे, काढा बाजूला. परदेशात थोडं ॲडजस्ट करावं लागतं."

आता जे लिहिते ते आईलाही अजून सांगितलेलं नाही. मी मासे खाते. त्या सूपचा पहिला घोट घेतला तेव्हाच मला वास आला होता. छोटे मासे आणि मीठ पिंपात थर लावून वर्षभर मुरवायचे आणि खाली झिरपेल तो रस, म्हणजे तुमचं न्युओक माम, वरणातल्या मिठासारखं जवळजवळ सगळ्यात पडतं, हे मी वाचलेलं होतं. मला कळलं होतं. तरी आईने माझ्याकडे बघितलं तेव्हा मी म्हणाले, "खा गं, काही नसतं त्यात."

त्या रात्री ती झोपली नाही. दिवा बंद केल्यावर अंधारात माळेचे मणी सरकल्याचा आवाज येत होता. भांडली नाही, रडली नाही. सकाळी एवढंच म्हणाली, "आता मी केळीच खाईन. तू जेव, माझ्यासाठी उपाशी राहू नको." पिशवीत शेंगदाण्याचे लाडू होते, ते मोजून दिवसाला दोन.

हाय वान घाट उतरून तुमच्या गावात आलो. गाइडने थिएन मू पॅगोडा दाखवला. स्थापना १६०१ ची, मनोरा सात मजली. मागच्या बाजूला निळी ऑस्टिन गाडी जपून ठेवलेली आहे. १९६३ साली सायगावच्या भर चौकात ज्यांनी स्वतःला पेटवून घेतलं ते भिक्खू थिक क्वांग डुक याच गाडीतून तिथे गेले होते. आई त्या गाडीसमोर हात जोडून बराच वेळ उभी राहिली. १८०२ पासून १९४५ पर्यंतची राजघराण्याची वंशावळही गाइडने तोंडपाठ म्हणून दाखवली. पण याच गावात मठांच्या रीतीने शाकाहारी रांधायची जुनी परंपरा आहे, गल्लोगल्ली तसं जेवण मिळतं आणि त्याला एक छोटासा शब्द आहे, हे ना गाइडने सांगितलं, ना आमच्या हमीवाल्यांनी. तो शब्द मला रात्री हॉटेलच्या खोलीत मोबाईलवर सापडला. चाय.

मग गटाचं जेवण सोडून आम्ही दोघी छत्री घेऊन बाहेर पडलो. पाय दुखायला लागले तेव्हा जे दुकान समोर होतं ते तुमचं. खरं तर चुकीचंच होतं. दारातच भलं मोठं पातेलं उकळत होतं, त्यात हाडं, आणि वास असा की आई उंबऱ्यावरच थांबली. मी परत फिरणार होते. पण नात "या, या" अशा खुणा करत पुढे आली, म्हणून मी पाठ केलेलं वाक्य फेकलं: "आन चाय." मागून आई म्हणाली, "चहा नको गं मला, ॲसिडिटी होईल."

नातीला मी काय म्हणते ते कळलं, आणि तिचा चेहरा पडला. पातेल्याकडे बोट करून तिने मान हलवली. तेवढ्यात तुम्ही आतून आलात. तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाहीत. आईच्या गळ्याकडे बघितलंत. मग आपली बाही सरकवून मनगटातली काळ्या मण्यांची माळ दाखवलीत.

त्यानंतर जे केलंत त्यासाठी हे पत्र.

तुम्ही लाल प्लास्टिकचं स्टूल ओढलंत, त्यावर चढलात (तुमचं वय पंच्याहत्तरच्या खाली नसणार, नात ओरडली ते आम्हालाही समजलं) आणि फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेलं एक गाठोडं खाली घेतलंत. सुतळी कापली नाहीत. गाठ नखाने सोडवलीत आणि सुतळी बोटाला गुंडाळून खिशात ठेवलीत. कागदातून एक लहान पातेलं निघालं, एक कढई, एक सुरी, एक उलथनं. भिंतीवरच्या तारखेच्या चवडीकडे नेऊन तुम्ही आईला बारीक आकडे दाखवलेत आणि बोटांनी खूण केलीत: एक, पंधरा. मी मोबाईलमध्ये अर्थ शोधत होते. आईला लागला नाही तेवढा वेळ.

"अगं, हे यांचं कालनिर्णय. अवस आणि पुनव. त्या दिवशी हे आपल्यासारखं खातात, त्याची ही वेगळी भांडी आहेत. सोवळ्याची." मग चष्मा वर करून त्या दिवसाचा बारीक आकडा तिने पुन्हा बघितला. "यांची आज सात दिसतेय. आपली षष्ठी. एक दिवसाने पुढे आहेत."

म्हणजे त्या दिवशी तुमच्याकडे ना अवस होती ना पुनव. ती भांडी काढायचं काही कारण नव्हतं. तरी ती आईसमोर धुतलीत, तिच्या हातात देऊन वासही घ्यायला लावलात. सोयासॉसची बाटली सील न फोडलेली आणलीत, सील तिलाच फोडायला दिलंत. हे कुणी सांगितलं होतं तुम्हाला? तीन दिवस जो येईल तो "विश्वास ठेवा" म्हणत होता. तुम्ही विश्वास मागितला नाहीत, बाटली हातात दिलीत.

जेवण आलं: भात, परतलेली हिरवी पालेभाजी, टोफूचे तांबूस तुकडे. आईने तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "हा तर गवती चहा!" खरंच, चिरलेला गवती चहा आणि मिरची घालून तुम्ही ते परतलं होतं. चहा नको म्हणणाऱ्या बाईला शेवटी चहाच मिळाला, यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की तुम्हीही कारण न कळता हसायला लागलात. लसूण कशातच नव्हता. तो नको म्हणून आम्ही सांगितलंच नव्हतं. नातीने मोबाईलवर लिहून दाखवलं की तुमच्या चायमध्ये तो मुळात चालत नाही.

आणि ती वाटी. भाजके तीळ, शेंगदाणे, मीठ, थोडी साखर, सगळं जाडसर कुटलेलं. आईने चिमूट घेतली, चावली, आणि डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं तिखट लागलं. ती म्हणाली, "तीळकूट आहे गं. माझी आई असंच करायची." मग भात मागून घेतला. दोनदा.

मी खूप फिरले आहे. पाहुणचार म्हणजे गरम टॉवेल आणि कमरेतून वाकलेला मॅनेजर, अशी माझी समजूत झाली होती. तुमच्याकडे बसायला गुडघ्याएवढं स्टूल होतं आणि हात पुसायला कागदाचा गुंडाळा. पण आईचं 'नको' हे तुम्ही खरं धरलंत. का, कधीपासून, अडीअडचणीला तरी चालत नाही का, हा पंचनामा केला नाहीत. आमच्याकडे तो आधी होतो, घरातही होतो. समोरच्याचा नेम आपल्याला पटो न पटो, तो त्याच्यासाठी खरा आहे एवढं मानायला काय लागतं? तुम्हाला तर एक सुतळी सोडावी लागली. मी हे लिहिताना मॅनेजरवर चिडते आहे असं वाटेल, आणि आहेच. पण "काही नसतं त्यात" हे वाक्य त्याचं नव्हतं.

पैसे तुम्ही नेहमीच्या थाळीचेच घेतलेत. मी वर ठेवलेली नोट नातीने रस्त्यापर्यंत पळत येऊन परत दिली. त्याआधी निघताना आई वाकली आणि तुमच्या पाया पडली. तुम्ही दचकून मागे सरलात, कढईला धक्का लागला. वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, लहानमोठं बघत नाहीत, हे तुम्हाला कसं सांगणार? तुम्ही तिची दोन्ही कोपरं धरून तिला उठवलंत आणि बराच वेळ सोडली नाहीत. दोघी आपापल्या भाषेत बोलत होतात. मोबाईल माझ्याच हातात होता, पण मी तो मध्ये घातला नाही.

पुढचे चार दिवस आम्ही त्या एका शब्दावर काढले. सी-एच-ए-वाय ही अक्षरं दिसली की आई लांबून ओळखायची, "ती बघ पाटी."

कार्तिकी एकादशी तिने घरी केली. संक्रांत तोंडावर आली आहे, तीळ आणून ठेवलेत. परवा खलबत्ता काढून तुमच्यासारखं करायला बसली, पण जमलं नाही. तेल सुटून गोळा झाला. तिने मला विचारायला सांगितलंय: तीळ आणि दाणे तुम्ही वेगवेगळे कुटता का? आणि मीठ आधी भाजून घेता की तसंच घालता? माझा अंदाज तिला पटत नाही. नातीला सांगून कळवावं.

आपली,
आईला घेऊन आलेली मुलगी