पडवीचं छप्पर वेगळं ठेवा

रोझो, डॉमिनिका
२० ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, दादाच्या मनात आहे तर उरलेली वाडीही विकून टाकू. पुन्हा एखादं ‘निसर्ग’सारखं वादळ आलं तर उभं राहायची ताकद कुणात आहे? ते ऐकल्यापासून चैन नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी इथलं सांगते. आईच्या मैत्रिणी समजतात तसं हे डॉमिनिकन रिपब्लिक नव्हे. ग्वादलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मधलं हे साडेसातशे चौरस किलोमीटरचं बेट. वस्ती सत्तर हजारांच्या आसपास, बाकी डोंगर आणि नद्या. १९७९ साली ‘डेव्हिड’ वादळाने ते झोडपलं. २०१५ मध्ये ‘एरिका’च्या पावसात पेटित साव्हानवर डोंगर असा खचला की गावच कायमचं उठवून दुसरीकडे वसवावं लागलं. त्यातून सावरतात न सावरतात तोच १८ सप्टेंबर २०१७ ला ‘मारिया’. पहाटे ते पहिल्या श्रेणीचं वादळ होतं, रात्री बेटावर आदळलं तेव्हा पाचव्या श्रेणीचं, ताशी २६० किलोमीटरहून जास्त वाऱ्याचं. दहातल्या नऊ घरांची छपरं मोडली किंवा उडाली. पंतप्रधान रूझवेल्ट स्केरिट यांचंही सुटलं नाही. ६५ माणसं दगावली वा बेपत्ता झाली, आणि नुकसान देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या सव्वादोन पट.

माझ्या घरमालकीणबाई सांगतात, सकाळी दार उघडलं तर डोंगरावर एक पान नव्हतं. जन्मात कधी अंगणातून न दिसलेलं पलीकडचं गाव समोर दिसत होतं. केळी आडव्या, रस्ते बंद. पुढचे काही दिवस त्यांनी जमिनीतले कंद उकरून काढले. इथे अळू भरपूर, त्याच्या पानांचं दाटसर सूप करतात. आईने चाखलं तर चिंच-गूळ मागेल, पण वाटीभर नक्की संपवेल.

पूर्व किनाऱ्यावर कालिनागो लोकांचा मुलूख आहे. कोलंबसाच्या आधीपासूनचे हे रहिवासी. १९०३ मध्ये इंग्रज सरकारने त्यांना सुमारे ३७०० एकर जमीन राखून दिली. ती कुणा एकाच्या नावावर नाही, त्यामुळे विकता येत नाही आणि गहाणही टाकता येत नाही. घर बांधायला बँकेचं कर्ज मिळणं त्यामुळे कठीण, ही अडचण खरी आहे. तरी तीन हजारांच्या आसपास माणसं आज तिथे टिकून आहेत, लारूमाच्या वेताच्या टोपल्या विणतात, कसावा या कंदाची भाकरी भाजतात. २०२३ पासून देशाच्या राष्ट्राध्यक्ष सिल्व्हानी बर्टन याच समाजातल्या आहेत.

मागच्या शनिवारी तिकडे एका घराचं छप्पर चढवायला गेले होते. आपल्याकडे लावणीला सावड करतात, तशी इथे ‘कुदमें’. मजुरी कुणी मागत नाही. आज तुझं घर, पुढे माझं. वर चौघेपाचजण, खाली मोठ्या टोपात जेवण. एक आजोबा स्वतः वर चढले नाहीत, पण प्रत्येक वाशाखाली उभे राहून मान वर करून पाहत होते. जस्त चढवलेली लोखंडी पट्टी वाशावरून खालच्या तुळईपर्यंत वळवून पक्की केली आहे ना, पत्र्याला खिळ्यांऐवजी स्क्रू आहेत ना. एका वाशाची पट्टी एकाच बाजूने बसवली होती, ती त्यांनी पोराकडून उतरवून पुन्हा बसवून घेतली. इंजिनिअर मी, पण तपासणी त्यांची.

बाहेरचे लोक या माणसांच्या चिवटपणाचं कौतुक करतात तेव्हा मला राग येतो. सोसतात म्हणून कौतुक करायचं आणि वादळं तापवणारा धूर चालूच ठेवायचा, हे कसलं कौतुक? मारियानंतर पाचच दिवसांत स्केरिट संयुक्त राष्ट्रांत बोलायला उभे राहिले आणि निसर्गाशी हे युद्ध आम्ही सुरू केलं नाही, असं त्यांनी सुनावलं. देश पुन्हा बांधू तो वादळाला तोंड देणाराच बांधू, हेही तिथेच सांगितलं. सगळं झालेलं नाही. झेंड्यावरचा सिसेरू पोपट जंगलात आता क्वचितच दिसतो. पण या आठवड्यात गल्लीगल्लीत क्रेओल दिनाची, म्हणजे इथल्या बोलीच्या आणि संस्कृतीच्या सणाची, तयारी चाललीय, बायकांनी मद्रासच्या चौकड्यांचे झगे इस्त्री करून ठेवलेत. हे कापड मुळात आपल्याच देशातून इथे आलं.

बाबा, वाडी विकू नका असं मी म्हणणार नाही. कष्ट तुमचे, गुडघे तुमचे. थकलात म्हणून विकायची असेल तर मी दादाच्या बाजूने उभी राहीन. पण ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’च्या भीतीपोटी विकू नका. सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात हे मला कळतं. रोपांचे आणि गड्याचे पैसे मी पाठवते, एकदम सगळी न लावता विहिरीकडचा तुकडा आधी लावा.

आणि घराचं मात्र यंदाच करून घ्या. सुताराला सांगा, पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून सुटं करायचं. म्हणजे वाऱ्याने पडवी नेली तरी माजघरावरचे पत्रे जागेवर राहतात. प्रत्येक वाशाला दोन्ही बाजूंनी पट्टी हवी. वाशांची जाडी आणि दोन वाशांमधलं अंतर मोजून दादाकडून कळवा, नकाशा मी काढून पाठवते. सुतार खिळ्यांनी भागेल म्हणाला तर त्याला मला फोन करायला सांगा.

आईला नमस्कार.

तुमची लेक