मंत्री महोदय, फोटोतला तो कोच कापूस वेचतोय

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

परवा पेपरात बातमी आली : ‘प्रशिक्षित विद्यार्थी गावोगाव खेळाडू घडवत आहेत.’ सोबत फोटो. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा, तो मी. बातमी कळली तेव्हा मी वावरात होतो, कमरेला फडकं बांधून कापूस वेचत.

आपल्याला कुणी सांगितलं नसेल, म्हणून लिहितो. विद्यापीठातलं शिबिर 21 दिवसांचं होतं, 6 दिवसांत आटोपलं. बास्केटबॉल आणि लहान मुलांचं अ‍ॅथलेटिक्स, दोन्ही शिकवणार होते. चार दिवस हॉलमध्ये पडदा पाहण्यात गेले. पाचव्या दिवशी चेंडू दिसले, 38 जणांत चार (की पाच? एक पंक्चर होता). मग प्रमाणपत्र, चहा, फोटो. प्रत्येकाला एक शाळा, महिना 3,000 रुपये मानधन आणि शाळेला रिंगचे खांब मिळणार होते. शाळा मिळाली. बाकीचं जूनपासून ‘प्रक्रियेत’ आहे.

तरी जात राहिलो, सायकलनं 9 किलोमीटर. जुन्या ड्रमचं कडं लिंबाला ठोकलं. 1891 मध्ये अमेरिकेत नेस्मिथ नावाच्या मास्तरनं पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला, म्हणजे यवतमाळ जिल्हा अजून तिथवरही पोचायचाय. रिंग नियमानं 3.05 मीटरवर. चौथीतलं पोट्टं तिथवर चेंडू न्यायला कमरेपासून झोकून देतं आणि हात बिघडवून घेतं. मिनी बास्केटबॉलला 2.60 मीटर चालते, चेंडूही लहान, 5 नंबरचा. पडद्यावर हे नव्हतं, मी मोबाइलवर शोधलं. आधी पोरांना थांबायला शिकवलं : दोन्ही पाय एकदम टेकवा, गुडघे वाकवा. मुरमावर हे आलं नाही की गुडघे फुटलेच.

एवढी काळजी कशाला, विचाराल. नाही विचारणार तुम्ही, तरी सांगतो. मी पोलीस भरतीसाठी पळायचो. पहाटे चारला डांबरी रस्त्यावर, 1600 मीटरची तयारी, रोज तेवढाच जोर. नडगी दुखायची, आम्ही तेल चोळायचो. दिवसाआड पळ, अंतर हळूहळू वाढव, एवढं सांगणारा एक माणूस नव्हता. हाडाला तडा गेला. दोन भरत्या हुकल्या. बाप म्हणाला, चाल वावरात. तालुक्यात शंभर तरी शाळा असतील. पीटीचा वेगळा मास्तर मला दोनच ठिकाणी भेटला. बाकी ठिकाणी गणिताचे सर शिटी वाजवतात, तेही निवडणुकीच्या ड्युटीतून सुटले तर.

मोठं काही झालं की पुण्याला, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात. आमच्याकडे शिबिर, तेही कापलेलं. 1953 च्या नागपूर करारात विदर्भावर लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च करायचं लिहिलं होतं आणि वर्षाला एक अधिवेशन नागपूरला घ्यायचंही. अधिवेशन तेवढं लक्षात राहतं. या डिसेंबरातही याल, संत्री खाल, हुरडा खाल, अनुशेषावर भाषण ठोकाल. आणि 15 जानेवारीला, जयंती म्हणून, ऑलिम्पिक पदक आणणाऱ्या पैलवान खाशाबा जाधवांच्या तसबिरीला हार. 1952 मध्ये हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला जायला त्यांना वर्गणी काढावी लागली होती, हे त्या भाषणात कधी येतं का हो?

सहा महिन्यांचे माझे 18,000 होतात. उशीर करा, सवय आहे. पण खांब पाठवा, लिंबाची ती फांदी वाळत चाललीय. आणि तेही जमत नसेल तर पेपरवाल्यांना सांगून त्या फोटोतून मला तरी काढा.

कळावे,
डावीकडून तिसरा