रोबो ज्यांच्यासाठी आहे, त्यांना गटात घ्या

पुणे

चि. तन्मय यास,
अनेक आशीर्वाद.

नेदरलँड्सच्या आइंडहोव्हनमध्ये तुमच्या गटाने डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या वृद्धांसाठी सोबतीचा रोबो तयार करण्याचे काम घेतले, हे कळल्यापासून माझ्या मनात तोच विषय आहे. रोबोला चेहरा असावा की नसावा यावर तुमच्यात दोन तट पडले आणि अखेर मतदानाने निर्णय करायचे ठरले, हे ऐकल्यावर मात्र सविस्तर लिहिणे आवश्यक वाटले. तुम्ही पाचही जण विशीतले आहात. मत कुणाचेही जिंकले, तरी ज्या माणसाच्या मांडीवर ती वस्तू ठेवली जाणार आहे, त्याचे मत त्या मोजणीत नसेल. वृद्धांच्या निवासाला भेट देण्याचे तुम्ही नमुना पूर्ण झाल्यानंतर योजले आहे. ती भेट आधी घ्या, एवढाच माझा आग्रह आहे, आणि बाकीचे पत्र त्याची कारणे सांगण्यासाठी आहे.

पारो हा सीलच्या पिलासारखा दिसणारा जपानी रोबो तुम्ही अभ्यासला असेलच. ताकानोरी शिबाता यांनी 1993 मध्ये त्या कामाला सुरुवात केली. मांजर आणि कुत्रा हे आकारही त्यांनी करून पाहिले होते. पण खरी मांजर सर्वांनीच पाहिलेली असल्यामुळे लोक यंत्राची तिच्याशी तुलना करीत आणि त्यांची निराशा होई. सीलचे पिलू कुणी जवळून हाताळलेले नसते, म्हणून ते लोकांनी सहज स्वीकारले. चेहऱ्याचा प्रश्न तिथे चर्चेने सुटला नाही, वापरणाऱ्यांचे वागणे पाहून सुटला. आणखी एक गोष्ट ध्यानात घे: पारो एक शब्दही बोलत नाही. तुमच्या गटाचा निम्मा वेळ संभाषणाच्या सॉफ्टवेअरवर खर्च होतो आहे, तेव्हा बोलणे खरोखर हवे आहे का, हे आधी तपासा.

ऑस्ट्रेलियात वेंडी मॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारोची मोठी चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. 28 निवासांतील 415 वृद्ध तिच्यात सहभागी होते. काहींना चालू असलेला पारो दिला, काहींना तोच पारो यंत्रणा बंद करून, म्हणजे निव्वळ मऊ खेळणे म्हणून दिला, आणि उरलेल्यांची नेहमीची देखभाल चालू ठेवली. चालू पारोशी लोक अधिक बोलले, त्याच्याकडे अधिक पाहत राहिले. परंतु ठरावीक प्रश्नावलीने मोजलेल्या अस्वस्थतेत तिन्ही गटांत फरक दिसला नाही. मला या चाचणीची रचना फार मोलाची वाटते, कारण यंत्राने नेमकी कशाची भर घातली, हे वेगळे काढून पाहण्याचा प्रामाणिकपणा तिच्यात आहे. तुमच्या चाचणीतही यंत्रणा बंद केलेला नमुना ठेवा. त्याने कुणाची मेहनत कमी ठरणार नाही.

तुमच्या गटात नर्सिंग शिकणारी एकच डच मुलगी आहे आणि बैठकांत ती फारसे बोलत नाही, असे तू म्हणालास. मला ही बाब गंभीर वाटते. बैठका इंग्रजीत चालतात आणि चर्चा मोटर, सेन्सर यांचीच होते, तेव्हा तिने बोलावे तरी केव्हा? डिमेन्शियात मागाहून शिकलेली भाषा बहुधा आधी मागे पडते. आपल्या आजी पन्नास वर्षे पुण्यात राहूनही शेवटी सावंतवाडीच्या मालवणीतच बोलत, आणि आम्ही त्या बोलीत उत्तर दिले की त्यांचा चेहरा निवळे. तुमच्या रोबोसमोर बसणारी ब्राबांटची, म्हणजे तिथल्याच प्रांतातली, वृद्ध स्त्रीही तिच्या माहेरच्या बोलीतच बोलेल. ते समजणारी तुमच्यात ती डच मुलगी एकटी आहे. बैठकीची सुरुवात तिच्या निरीक्षणांनी व्हावी, असा नियमच करा.

आता सर्वांत अवघड प्रश्न. आजी संध्याकाळी विचारीत, "हे अजून कचेरीतून कसे आले नाहीत?" आजोबा जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. "ते गेले" असे सांगितले असते, तर ते दुःख त्यांना दर संध्याकाळी नव्याने भोगावे लागले असते, आणि "येतीलच" असे खोटे बोलणेही मला जमत नसे. मी जवळ बसून "त्यांची आठवण येते आहे का?" असे विचारी, मग त्या आजोबांविषयी बोलत राहत आणि हळूहळू शांत होत. हाच प्रश्न तुमच्या रोबोला कुणी विचारला, तर तो काय करील? हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका मुलावर सोडू नका. सर्वांनी मिळून, आणि घरच्यांना विचारून, ठरवा. माझे मत विचारशील तर अशा वेळी यंत्राने उत्तर देऊ नये, माणसाला बोलावून आणावे. तसेच "आठवते का?", "मी कोण?" असे परीक्षा घेणारे प्रश्न त्याच्या तोंडी मुळीच घालू नका.

हे सारे पाहण्यासाठी तयार यंत्राची वाट पाहावी लागत नाही. पुठ्ठ्याचा आकार करा, आत लहान स्पीकर ठेवा आणि शेजारच्या खोलीतून तुमच्यापैकी एकाने त्याच्या वतीने बोला. रोबोवर संशोधन करणारे ही पद्धत सर्रास वापरतात. आवाज थोडा खालच्या पट्टीत ठेवा, कारण वयोमानाने उंच स्वर आधी ऐकू येईनासे होतात. एका वेळी एकच वाक्य बोला आणि उत्तरासाठी तुम्हांला अवघड वाटेल इतका वेळ थांबा. संमतिपत्रावर त्या वृद्धांच्या मुलांची सही असली, तरी समोरच्या व्यक्तीने तोंड फिरवले, हात मागे घेतला, तर तो नकार समजून त्या दिवसाचे काम तिथेच थांबवा. या नकारांची नोंद ठेवणे हे एकाचे स्वतंत्र काम असावे, कारण प्रात्यक्षिक यशस्वी करण्याच्या घाईत नेमके तेच नजरेतून सुटते.

भेटीची तारीख अलीकडे आणता येते का, हे त्या मुलीकरवी निवासात विचारून घे आणि मला कळव. आजींच्या शेवटच्या काळातल्या माझ्या टिपणवहीची पाने तुझ्या बाबांनी स्कॅन करून ठेवली आहेत; गटाला उपयोगी वाटली, तर पाठवीन. मात्र त्यांचे नाव अहवालात येऊ देऊ नकोस.

तुझी,
आई