मूल नसलेल्यांना शिक्षण करात सूट नको : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

मी व माझे पती ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या एका गृहसंकुलात राहतो. आम्हाला मूलबाळ नाही. महाराष्ट्र शिक्षण व रोजगार हमी (उपकर) अधिनियम, १९६२ नुसार मालमत्ता कराच्या देयकातून वसूल होणारा शिक्षण कर आम्ही भरतो, आणि प्राप्तिकरावर २०१८-१९ पासून लागू झालेला ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकरही भरतो. ज्यांच्या घरी शाळेत जाणारे कोणी नाही त्यांना यातून वगळावे, असे आमच्या संकुलातील काही सुस्थित मंडळी हल्ली उघडपणे बोलतात. अशी मागणी आपल्यापर्यंत पोहोचलीच, तर ती आमच्यासारख्यांच्या नावाने मान्य होऊ नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हा कर आम्ही दानधर्म म्हणून भरत नाही. त्यात आमचे स्वतःचे हित आहे. मध्यंतरी शस्त्रक्रियेनंतर माझ्या पतींना रक्त द्यावे लागले. पिशवी लावण्यापूर्वी दोन परिचारिका खाटेशी आल्या. एकीने पिशवीवरचा रक्तगट, क्रमांक आणि मुदतीची तारीख मोठ्याने वाचली, दुसरीने प्रत्येक गोष्ट केसपेपरशी ताडून पाहिली, आणि त्यानंतरच नळी जोडली. त्यांतली एक पालिकेच्या शाळेत शिकली होती, हे तिच्याशी बोलताना कळले. पाठीशी मुलगा-सून नसलेल्या आमच्या वयाच्या जोडप्याची सारी भिस्त अशा परक्यांच्या मुलांवर असते : औषधाच्या दुकानात चिठ्ठी नीट वाचणाऱ्या मुलावर, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कारागिरावर, बँकेच्या खिडकीमागच्या मुलीवर. पतींचे निवृत्तिवेतनदेखील शासनाच्या चालू महसुलातून, म्हणजे आज कमावणाऱ्यांनी भरलेल्या करांतूनच येते. त्यामुळे शाळा चांगल्या चालण्याची गरज आम्हाला पालकांइतकीच आहे, किंबहुना थोडी अधिकच.

ज्याचे मूल शाळेत त्यानेच पैसे भरावेत, हा न्याय लावायचा झाला तर खासगी शाळांत मुले घालणारे आमचे शेजारीही सुटतील, आणि पालिका शाळांचा भार किसननगर, लोकमान्यनगर अशा वस्त्यांतील कष्टकरी कुटुंबांवर येईल, ज्यांना तो पेलवणारा नाही. रयतेच्या घामातून येणारा महसूल वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्ची पडतो आणि रयतेची मुले मात्र प्राथमिक शिक्षणालाही मुकतात, अशी तक्रार महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये, ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे मांडली होती. इतक्या वर्षांनी, घटनेच्या कलम २१-अ ने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिल्यानंतर, ऐपत असलेल्यांनीच त्या खर्चातून अंग काढून घ्यावे, हे मला मुळीच पटत नाही.

मात्र कर भरणाऱ्याला त्याचे काय झाले हे विचारता आले पाहिजे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि कलम २२ नुसार ही समिती शाळा विकास आराखडा तयार करते. पालकांचे बहुमत योग्यच आहे, ते तसेच राहावे. परंतु आमच्यासारख्या नागरिकाला हा आराखडा सहजासहजी पाहायला मिळत नाही. तो प्रत्येक पालिका शाळेच्या दर्शनी फलकावर आणि प्रभाग समितीच्या कार्यालयात मराठीत लावला जावा. शिक्षकांची मंजूर व रिक्त पदे, मुलींच्या स्वच्छतागृहांची स्थिती आणि वर्षभरात झालेला खर्च त्यात स्पष्ट लिहिलेला असावा. आणि वर्षातून एकदा समितीने प्रभागातील सर्व रहिवाशांसाठी खुली बैठक घ्यावी, असे आदेश आपण काढावेत, ही विनंती. आमच्या जवळच्या शाळेत अशी बैठक ठरली, तर आम्ही दोघे तिला नक्की हजर राहू.

आपली विश्वासू,
एक करदाती नागरिक, ठाणे