कपाटातली पेटी

प्रिय चिऊ,

काल तू फोनवर सांगितलंस की जॉब पक्का झाला, शिक्षकांसाठी साहित्य बनवणारी संस्था, आणि मी नुसतं "बरं झालं" म्हणून फोन ठेवला. आईला काही आनंदच नाही असं वाटलं असेल तुला. तसं नाही गं, डोक्यात एकदम इतकं आलं की काय बोलू सुचेना, म्हणून आता टाइप करत बसलेय.

अगं, मी इतकी वर्षं या कामाच्या दुसऱ्या टोकाला होते ना. एकदा आमच्या शाळेत एका संस्थेकडून गणिताची पेटी आली, नाव कशाला सांगू, माणसं चांगली होती. आत रंगीत पट्ट्या, ठोकळे, अपूर्णांकांच्या चकत्या, आम्ही तर बघूनच हरखलो. पण सोबत यादी, तिच्यात एकेका तुकड्याची नोंद, आणि वर्षाअखेरीस मोजणी होणार म्हणे. झालं! पेटी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली ऑफिसात. हरवलं तर भरून कोण देणार? तीन वर्षांनी उघडली तेव्हा चकत्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. त्यांच्या रिपोर्टात मात्र आमची शाळा 'साहित्य पोहोचलं' मध्येच धरली असणार.

हे फक्त आमच्याकडचंच नाही हं. केनियातल्या खेड्यांमधल्या शाळांना पाठ्यपुस्तकं देऊन काय फरक पडला याचा एक अभ्यास २००९ मध्ये छापून आला होता, त्यात आधीच हुशार असलेल्या मुलांचेच मार्क वाढले, बाकीच्यांना काही उपयोग नाही, कारण पुस्तकं इंग्रजीत आणि बऱ्याच मुलांची ती तिसरी भाषा. पुस्तक हातात आहे पण वाचता येत नाही, मग करायचं काय त्याचं?

आता चांगलं कशाला म्हणायचं तेही सांगते. एक मुलगा एक-चतुर्थांश हा एक-तृतीयांशापेक्षा मोठा म्हणायचा, "बाई, चार मोठे ना तीनपेक्षा?" मी काट मारायची, परत समजवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग कुठून तरी एक साधं पान हाती लागलं, फक्त शिक्षकांसाठी लिहिलेलं. मुलं असं का म्हणतात हे त्यात आधी दिलं होतं, छेदाकडे ती सुटा आकडा म्हणून बघतात, तशीच ०.३५ ला ०.५ पेक्षा मोठं म्हणतात कारण पस्तीस पाचपेक्षा मोठे. आणि खाली लिहिलेलं, कागदाची पट्टी १२ सेंमीचीच घ्या, तीन सारख्या घड्या अंदाजाने पडत नाहीत, १२ ला तीननेही भाग जातो आणि चारनेही. ते वाचलं आणि मला कळलं की हे लिहिणाऱ्या माणसाने वर्गात स्वतः पट्ट्या दुमडल्यात आणि त्याची फजितीही झालीय. त्या मुलाने दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या, चार सेंमीचा तुकडा आणि तीन सेंमीचा, बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "म्हणजे जास्त जणांत वाटलं की कमी येतं." मी काही बोललेच नाही.

ते पान मी नंतर आमच्या मुलांच्या हिशोबाने बदललं, दुसऱ्या बाईंनी आणखी बदललं. तुमच्याकडे हे चालेल का ते आधी विचार. क्रिएटिव्ह कॉमन्सची लायसन्सं, म्हणजे आपलं साहित्य इतरांनी कसं वापरायचं याची तयार परवानगीपत्रं, २००२ पासून आहेत, त्यातलं 'सीसी बाय' असेल तर मूळ नाव देऊन कुणीही बदलून वाटू शकतं, पण 'नो डेरिव्हेटिव्ह्ज' लावलं की आहे तसंच वाटायचं, बदललेलं नाही, भाषांतरसुद्धा नाही. फुकट आहे म्हणून मिरवायचं आणि हात बांधून ठेवायचे, मला हे पटतच नाही.

ऑनलाइनचं म्हणशील तर कोलोरॅडो विद्यापीठाचं ते 'फेट', नोबेलवाल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेलं, त्यातली सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर स्वतः हलवून-बदलून बघायचे प्रयोग, मी खूप वापरली, कारण डाउनलोड करून ठेवली की नेट गेलं तरी तास बुडत नाही. ती बनवताना मुलांना समोर बसवून, ती काय करतात आणि काय बोलतात ते बघतात म्हणे. तुम्ही पण बघा. आणि शिक्षकालाही बघा, ४० मिनिटांचा तास, त्यात हजेरी, वह्या, कुणाचं पोट दुखतंय, आणि तुम्ही पाठवणार २४ पानांची मार्गदर्शिका! टाचण काढताना दोन मिनिटांत डोळ्यांखालून जाईल एवढंच दे. एक दिवसाचं ट्रेनिंग देऊन गायब होऊ नका, महिन्याभराने परत या, कारण खरे प्रश्न तेव्हा पडतात, पहिल्या दिवशी सगळे माना डोलावतात (मीही डोलावलीय).

जॉइन झाल्यावर आधी आठवडाभर कुठल्या तरी वर्गात मागच्या बाकावर बसायला मिळतं का ते विचार. आणि पहिली वर्कशीट तयार झाली की मला पाठव. मी तिची झेरॉक्स काढणार, मग झेरॉक्सची झेरॉक्स, कारण शाळेत तीच पोहोचते, आणि 'लाल भाग मोजा' असं काही लिहिलेलं असलं तर फोन करून ओरडणार आहे.

जेवत जा वेळेवर.

आई